सिव्हिलमध्ये ड्रिपसाठी एक खुर्ची पाहिजे

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय. जागा नसेल तर वरचं कापा, पण शेवटी जी मागणी लिहिलीय ती तेवढी राहू द्या.

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला, किरकटवाडी, धायरी, नांदोशी, नांदेड गाव ह्या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम ह्या नसांच्या आजाराचे पेशंट एकामागून एक निघायला लागले होते, आठवत असेलच. आधी जुलाब, मग आठ-दहा दिवसांनी पायातला जोर जायचा, मग हातातला आणि काहींना थेट व्हेंटिलेटर. आकडा दोनशेच्या पुढे गेला, माणसं दगावली, पहिला संशयित मृत्यू तर सोलापुरात नोंदला गेला. एनआयव्ही ह्या पुण्याच्या विषाणू संस्थेच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, विहिरीच्या पाण्यावरून वादावादी झाली, आणि त्या महिनाभरात आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन, हे औषधाचं नाव पानटपरीपर्यंत पोचलं. एका इंजेक्शनला २० हजार, असे आकडे रोज छापून येत होते. मग तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी मोफत उपचार जाहीर केले, पुणे मनपाच्या पेशंटसाठी कमला नेहरू, पिंपरी-चिंचवडसाठी वायसीएम आणि ग्रामीण भागासाठी ससून. चांगलंच केलं, त्याबद्दल तक्रार काहीच नाही.

माझं म्हणणं त्यानंतरचं आहे. साथ ओसरली, बातम्या बंद झाल्या आणि आयव्हीआयजी हा विषयच संपला असं सगळ्यांना वाटलं. पण हेच औषध, ह्याच बाटल्या, दर तीन-चार आठवड्यांनी वर्षानुवर्षं लावून घ्यावी लागणारी माणसं आपल्या प्रत्येक जिल्ह्यात आहेत आणि त्यांच्यासाठी कोणी काही जाहीर केलं नाही, कारण त्यांची साथ येत नाही, ती अशीच एकेकटी घरोघरी आजारी पडतात. आमच्या घरात माझे वडील आहेत. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, रिटायर झालेत, आता ईपीएस ९५ ची पेन्शन येते, ती किती असते हे एसटीवाल्या कुठल्याही घरात विचारा.

आप्पांना सीआयडीपी आहे. जीबीएसचाच भाऊबंद, फक्त जीबीएस येतो दणक्यात आणि चार आठवड्यांच्या आत जेवढं बिघडायचं तेवढं बिघडवतो, मग हळूहळू माणूस सावरतो, आणि हा सीआयडीपी दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ वाढतच राहतो, किंवा कमी होतो आणि परत येतो. दोन्हीत आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उठते. नसेच्या वरचं जे आवरण असतं, मायलिन, ते खराब होतं, म्हणजे वायरवरचं प्लास्टिक उंदरानं कुरतडावं तसं, आत तार शाबूत असते पण करंट नीट पोचत नाही. आप्पांना आधी तळपायाला मुंग्या यायच्या, मग पायातली चप्पल कुठंतरी निसटून पडायची आणि ह्यांना पत्ता नसायचा, अनवाणी घरी यायचे. गावात सगळ्यांनी शुगर म्हणून सांगितलं, बी ट्वेल्व्हची इंजेक्शनं झाली, मणक्याचा एमआरआय झाला, कंबरेला पट्टा लावला, एकानं ऑपरेशनही सुचवलं. शेवटी पुण्यात एनसीव्ही म्हणजे करंट देऊन नसा तपासतात ती टेस्ट आणि पाठीतलं पाणी काढून तपासणी झाली तेव्हा कुठं नाव कळलं.

सीआयडीपीला स्टिरॉइड चालतं, हे मुद्दाम सांगते कारण जीबीएसला स्टिरॉइडचा उपयोग होत नाही आणि लोक दोन्हीची सरमिसळ करतात, एकाची चिठ्ठी दुसऱ्याला पाठवतात. स्टिरॉइड स्वस्त, म्हणून बहुतेक डॉक्टर तिथूनच सुरुवात करतात आणि बऱ्याच जणांचं त्यावर भागतंही. आप्पांचं नाही भागलं, शुगर साडेतीनशेच्या वर जायला लागली, चेहरा सुजला, झोप उडाली. मग आयव्हीआयजी सुरू केलं. हे काही प्रयोगातलं औषध नाही हो. जीबीएसमध्ये ते प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ पिवळा भाग, मशीननं बदलण्याइतकंच काम करतं हे नेदरलँडच्या डॉक्टरांनी १९९२ सालीच दाखवलं, आणि सीआयडीपीवर २००८ मध्ये ११७ पेशंटचा अभ्यास आला, त्यात औषध मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त सुधारले, नुसती दिखाव्याची ड्रिप मिळालेल्यांपैकी पाचात एक. त्या अभ्यासात डोस होता पहिल्यांदा किलोमागे दोन ग्रॅम आणि नंतर दर तीन आठवड्यांनी किलोमागे एक ग्रॅम. आप्पांचं वजन ६० किलो, म्हणजे एका वेळी ६० ग्रॅम, पाच ग्रॅमची एक बाटली धरली तर १२ बाटल्या. छापील किमतीनं घेतल्या तर दोन लाखाच्या आसपास जातं, होलसेलवाल्याकडे घासाघीस केली तर त्याच्या निम्म्यात, हा फरक कशाचा ते मला आजवर कुणी नीट समजावून सांगितलेलं नाही. एकाच रस्त्यावरच्या दोन मेडिकलमध्ये एकाच कंपनीच्या एकाच बाटलीचे दोन भाव मी ऐकलेत. तीन आठवड्याला जमत नाही म्हणून डॉक्टरांनी आमचं चार आठवड्यांवर नेलंय आणि सोबत दुसऱ्या गोळ्या चालू आहेत.

आता ड्रिप लावतात म्हणजे काय करतात ते सांगते, कारण इथंच माझा मुद्दा आहे. बाटली फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवतात, थंड लावायची नाही, आणि हलवायची तर अजिबात नाही, हलवली की फेस होतो. सिस्टर आधी बीपी, नाडी, ताप लिहून घेते, एक क्रोसिन आणि एक ॲलर्जीची गोळी देते, तांब्याभर पाणी प्यायला लावते. मग सुई. आप्पांच्या शिरा आता दमल्यात, मनगटाच्या मागं एक बरी राहिलीय ती सगळ्या सिस्टरना पाठ झालीय. सुरुवात अगदी हळू, तासाला ३० मिली वगैरे, अर्ध्या तासाला बीपी बघायचं, काही नाही झालं की थोडं वाढवायचं, परत अर्ध्या तासानं बघायचं. कधी थंडी वाजते, मग स्पीड कमी करतात, चादर देतात, पंधरा-वीस मिनिटांत थांबतं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, ते बऱ्याच जणांना दुखतं म्हणतात. प्रत्येक बाटलीचा बॅच नंबरचा स्टिकर सोलून फाइलला चिकटवायचा, हे काम माझं. सहा बाटल्या एका दिवशी, सहा दुसऱ्या दिवशी, प्रत्येक दिवशी पाच-सहा तास. आप्पा त्या वेळात मोबाइलवर भजनं ऐकतात किंवा शेजारच्या पेशंटला कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते सांगत बसतात. बस, एवढंच. ऑपरेशन थिएटर नाही, भूल नाही, आयसीयू नाही. एक खुर्ची किंवा कॉट, एक फ्रिज, एक स्टँड, बीपीचं मशीन, ऑक्सिजन, इमर्जन्सीचा ट्रे आणि लक्ष ठेवणारी एक सिस्टर, आणि बोलावलं तर दोन मिनिटांत येईल असा एक एमडी मेडिसिन डॉक्टर.

आणि ह्यासाठी आम्ही मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला जातो. डोस संपत आला की शेवटच्या आठवड्यात आप्पांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत, बाटलीचं झाकण फिरवता येत नाही, ज्या माणसानं आयुष्यभर चालत्या गाडीत उभं राहून तिकिटं दिली त्याला गाडीची पायरी चढताना दोघांनी खालून उचलावं लागतं. म्हणजे तब्येत सगळ्यात वाईट असते नेमका तेव्हाच प्रवास. तिथं लॉज, दोन दिवसांचं खाणं, रिक्षा, माझी सुट्टी, आणि औषधाच्या पैशाखाली हा खर्च कुणाला दिसतच नाही. आमच्यासारखे तिथं बीड, परभणी, नगर, सोलापूर कुठून कुठून आलेले असतात. काही जण डोस लांबवतात. चारचे सहा आठवडे करतात, सहाचे आठ, मग एकदा पाय इतके जातात की परत पहिल्यापासून मोठा डोस. वाचवलेले पैसे त्यात गेले वर.

इन्शुरन्सचं तर ऐकाच. भावाच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, त्यात आईवडील कव्हर आहेत. पहिल्यांदा क्लेम टाकला तर टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्यांची क्वेरी आली की पेशंट स्टेबल असताना ॲडमिट का केलं, हे ओपीडीत झालं असतं. बरं म्हटलं, पुढच्या वेळी ॲडमिट न करता दिवसाच लावून संध्याकाळी सोडलं. उत्तर आलं, ओपीडी कव्हर नाही, २४ तास भरले नाहीत. मग डे केअरमध्ये घ्या म्हटलं तर डे केअरची व्याख्या दाखवली, त्यात भूल देऊन केलेली आणि एरवी २४ तासांपेक्षा जास्त ॲडमिट राहावं लागलं असतं अशी ट्रीटमेंट लागते. मोतीबिंदू बसतो, ड्रिप बसत नाही. गंमत अशी की आयआरडीएआय ह्या विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकानं २०१९ मध्ये नियम काढला की काही आधुनिक उपचार पॉलिसीतून वगळता येणार नाहीत, त्या यादीत मोनोक्लोनल, म्हणजे एकाच छापाच्या अँटिबॉडीची इंजेक्शनं आहेत. म्हणजे आमच्या पेशंट-नातेवाइकांच्या ग्रुपातल्या एका ताईंना एनएमओ आहे, डोळ्याच्या नसेवर आणि मणक्यातल्या मज्जारज्जूवर येणारा आजार, त्यांना रिट्युक्सिमॅब हे असलंच मोनोक्लोनल औषध लागतं, त्यांना त्या ओळीवर बोट ठेवून भांडता येतं, आणि कंपनी लिमिट लावून का होईना देते. आयव्हीआयजी ही हजारो माणसांच्या रक्तातून काढलेली मिसळीची अँटिबॉडी, ती मोनोक्लोनल नाही, म्हणून यादीत नाही. तीच खुर्ची, तोच स्टँड, तेवढाच वेळ, पण एकाला नियम आहे आणि एकाला नाही. हे कुणी मुद्दाम केलं असेल असं मला नाही वाटत, यादी करताना ह्या आजाराचं कुणी खोलीत नसणार एवढंच.

सरकारी योजनेचं म्हणाल तर महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे आणि जीबीएस त्यात बसतो, हे साथीच्या वेळी मंत्र्यांनीही सांगितलं होतं. पण पॅकेज म्हणजे एकदा ॲडमिट, एकदा उपचार, एकदा डिस्चार्ज अशा हिशेबानं बांधलेलं असतं. आम्ही ज्या दवाखान्यात विचारलं तिथं आरोग्यमित्रानं मनापासून प्रयत्न केला, फोन लावले, शेवटी म्हणाला ताई दर महिन्याचं हे कशात टाकू तेच मला कळत नाही. डायलिसिस दर आठवड्याला दोन-तीनदा होतं, ते बसतं, केमो दर तीन आठवड्यांनी होते, ती बसते, मग परत परत लागणारी ही ड्रिप बसवायला अवघड काय आहे.

आता मूळ मागणीकडे येते. नवीन हॉस्पिटल बांधा, मोठी मशीन आणा असं मी म्हणतच नाही. २०१६ पासून पंतप्रधान डायलिसिस कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत डायलिसिस सुरू झालं, आधी त्यालाही लोक शहरातच जायचे. सातारा, नाशिक, अमरावती, ठाणे इथं सिव्हिलमध्ये हिमोफिलियाची डे केअर सेंटर चालतात, मुलं येतात, फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं औषध लावतात, घरी जातात. फॅक्टरसुद्धा महागच, तेही फ्रिजमध्येच ठेवायचं, तेही शिरेतूनच द्यायचं. आणि २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सरची डे केअर सेंटर काढायचं जाहीर झालंय, पहिल्या वर्षी २००. म्हणजे खुर्ची येणारच आहे, फ्रिज येणारच आहे, रिॲक्शन आली तर काय करायचं हे शिकलेली सिस्टर पण येणार आहे. केमोचा पेशंट रोज नसतो. त्याच खोलीत आठवड्यातले दोन दिवस आमच्यासारख्यांना द्या, एवढंच मागणं आहे.

ह्यावर डॉक्टर मंडळी म्हणतील की न्यूरॉलॉजिस्ट नाही जिल्ह्याला, कसं करणार. बरोबर आहे, पहिला डोस मोठ्या ठिकाणीच व्हावा, मी पण तेच म्हणेन. पहिल्या डोसाला काय होईल ते कळत नाही, किडनी बघावी लागते, कुणाला रक्ताची गुठळी व्हायचा धोका असतो, हार्टवाल्यांना एवढं पाणी झेपत नाही, रिट्युक्सिमॅब असेल तर आधी हिपॅटायटिस बी तपासलाच पाहिजे आणि पहिली ड्रिप जास्तच हळू द्यावी लागते. पण एकदा दोन-चार डोस सुरळीत गेले, ब्रँड ठरला, स्पीड ठरला, की मग दर महिन्याला तेच ते असतं. न्यूरॉलॉजिस्टनं एका पानावर लिहून द्यायचं, जिल्ह्याच्या एमडीनं ते बघून लावायचं, काही वाटलं तर ई-संजीवनी ह्या सरकारी ऑनलाइन सल्ल्याच्या सोयीवर किंवा साध्या फोनवर विचारायचं, आणि सहा महिन्यांनी पेशंट मोठ्या डॉक्टरांना दाखवून यायचा. आमच्या ग्रुपमधल्या, विलायतेत असलेल्या एक मराठी काकू सांगतात की तिथं तर पोटाच्या कातडीखाली घ्यायचं इम्युनोग्लोब्युलिन लोक घरीच शिकून घेतात, नर्स चार वेळा येऊन शिकवते आणि मग आपलं आपण. आम्ही तेवढं नाही मागत. आम्हाला जिल्ह्याचं गाव चालेल, एसटीनं सकाळी जाऊन रात्री परत.

आपल्याकडे सलाइनची हौस केवढी आहे ते काय सांगायचं. ताप आला सलाइन, थकवा आला सलाइन, लग्नाच्या धावपळीत आजी चक्कर येऊन पडल्या की सलाइन, त्यात ते पिवळं इंजेक्शन टाकलं की पेशंटला पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. गल्लीतल्या दवाखान्यात बाकड्यावर झोपवून खिळ्याला बाटली टांगतात. शहरात तर म्हणे आता गोरं व्हायला आणि इम्युनिटी वाढवायलाही ड्रिप मिळते, रेटकार्ड असतं. आणि ज्यांची इम्युनिटीच बिथरलीय, ज्यांना ही एक ड्रिप नाही मिळाली तर पाय जातात, त्यांना जिल्ह्यात एक जागा नाही. परवा एकानं मला विचारलं पण, ताई ते आयव्हीआयजी माझ्या आईला अशक्तपणासाठी लावलं तर चालेल का. नाही चालणार हो. हे ताकदीचं औषध नाही. जीबीएसमध्ये सुद्धा जो पेशंट स्वतःच्या पायानं चालतोय आणि ज्याचा आजार वाढत नाहीये त्याला बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवून भागतं, आणि लावायचं तर पहिल्या दोन आठवड्यांत, उशिरा लावून फायदा कमी. एक कोर्स झाला आणि सुधारणा दिसत नाही म्हणून दुसरा लगेच लावावा का ह्याचाही अभ्यास २०२१ मध्ये आलाय, उत्तर आलं की फायदा नाही आणि त्रासच जास्त. साथीच्या वेळी नातेवाईक घरं गहाण टाकून दुसरा कोर्स आणत होते असं ऐकलं तेव्हा वाईट वाटलं, हे कुणीतरी पेपरात मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं. आणि प्लाझ्मा बदलणं, म्हणजे प्लाझ्माफेरेसिस, तेही जीबीएसमध्ये तितकंच चालतं आणि बऱ्याच ठिकाणी स्वस्तात होतं, पण त्याला मशीन आणि शिकलेली माणसं लागतात म्हणून ते लवकर कोणी सुचवत नाही.

अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. हे औषध बनतं कशापासून, तर रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून. कारखान्यात एक लिटर प्लाझ्मातून साधारण चार ग्रॅम निघतं. आप्पांचे ६० ग्रॅम म्हणजे १५ लिटर. रक्ताच्या एका पिशवीतून प्लाझ्मा सुटतो २०० मिलीच्या आसपास. हिशेब घाला, एका वेळच्या ड्रिपमागे ७५ माणसांचं रक्तदान. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपती, साहेबांचा वाढदिवस, कुठलंही निमित्त असो आपल्याकडे रक्तदानाची शिबिरं लागतातच, महाराष्ट्र ह्यात देशात सगळ्यात पुढं असतो हे आपण अभिमानानं सांगतो. त्या पिशव्यांतला लाल भाग पेशंटला जातो आणि जास्तीचा प्लाझ्मा ब्लड बँका कारखान्यांना देतात, त्याला सरकारनं ठरवलेला दर होता लिटरला १६०० रुपये. पुढं शुद्ध करणं, विषाणू मारणं, तपासण्या, थंड ठेवणं ह्याला खर्च येतो, मान्य आहे, आणि एकाच प्लाझ्मातून अल्ब्युमिन वगैरे दुसरी औषधंही निघतात. पण फुकट दिलेल्या रक्तातून बनलेली बाटली फुकट देणाऱ्याच्याच गावात परत येताना निदान सरकारी दवाखान्यात परवडेल अशा भावात यावी, असा करार ब्लड बँका आणि कंपन्यांमध्ये करता येणार नाही का. इतका प्लाझ्मा दिला की इतक्या बाटल्या सरकारी कोट्यात, असं काहीतरी. मला त्यातलं कायद्याचं कळत नाही पण हिशेब कळतो, कंडक्टरची मुलगी आहे.

आजार एकच नाहीये हेही सांगायला पाहिजे नाहीतर वाटेल एका माणसासाठी ही रड चालू आहे. मायस्थेनियाचे पेशंट आहेत, पापणी पडते, गिळता येत नाही, त्यांना एरवी गोळ्यांवर चालतं पण क्रायसिस आला की हेच आयव्हीआयजी किंवा प्लाझ्मा बदलणं लागतं. एनएमओवाल्यांचा अटॅक आला तर डोळा जाऊ शकतो, आणि अटॅक येऊ नये म्हणून सहा महिन्यांनी रिट्युक्सिमॅब, ते भारतात बनायला लागल्यापासून बऱ्यापैकी आवाक्यात आलंय, बाहेर त्याच आजारावर नवीन औषधं निघालीत त्यांच्या किमती मी इथं लिहीतच नाही. एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचे पेशंट आहेत, २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव तरी आहे, सीआयडीपीचं नाही, आप्पांचं सर्टिफिकेट काढताना टेबलावरच्या माणसानं यादीवर बोट फिरवत दोनदा शोधलं आणि शेवटी चालण्याच्या अपंगत्वाखाली घातलं. ऑटोइम्यून एन्सेफलायटिसची, म्हणजे प्रतिकारशक्ती मेंदूवरच उठते त्या आजाराची पोरं आहेत, कॉलेजच्या मुली, अचानक विचित्र वागायला लागतात, फिट येतात, घरचे आधी बाहेरचं झालं म्हणून देवऋषाकडे नेतात, मग मानसोपचारवाल्याकडे, आणि खरं निदान झालं की त्यांनाही आधी स्टिरॉइडची ड्रिप, सलग पाच दिवस रोज एक ग्रॅम, मग आयव्हीआयजी. ती स्टिरॉइडची ड्रिप तर एवढी साधी आणि स्वस्त असते की ती सुद्धा जिल्ह्याला मिळू नये ह्याचं नवल वाटतं. ह्या सगळ्यांना मोजलं तर खुर्ची रिकामी राहणार नाही.

तर मागणी अशी. आरोग्य खात्यानं प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, जिथं डायलिसिस किंवा केमोची डे केअर आहे तिथंच, नसांच्या ऑटोइम्यून आजारांच्या ड्रिपसाठी आठवड्यातले दोन दिवस आणि निदान एक खुर्ची ठेवावी. महात्मा फुले योजनेत वारंवार लागणाऱ्या ड्रिपचं वेगळं पॅकेज करावं, ॲडमिट न होता चालेल असं, आणि एका मंजुरीवर निदान सहा महिने चालेल असं, दर वेळी नवीन फाइल नको. औषध राज्यानं एकत्र खरेदी करावं, सुट्ट्या पेशंटनं मेडिकलवाल्यांशी भाव करायची वेळ येऊ नये. आयआरडीएआयनं त्या आधुनिक उपचारांच्या यादीत इम्युनोग्लोब्युलिनची ड्रिप घालावी आणि डे केअरच्या व्याख्येतली भुलेची अट अशा ड्रिपला लावू नये. आणि आमच्यासारख्या पेशंटची नोंद ठेवणारं एखादं रजिस्टर जिल्ह्याला उघडावं, कारण माणसं किती आहेत ते माहीत नाही म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून माणसं जिल्ह्याला येतच नाहीत, परस्पर पुण्यामुंबईला जातात आणि इथल्या कागदावर शून्य दिसतं.

तुमच्या प्रतिनिधींनी आपापल्या जिल्ह्याच्या सिव्हिल सर्जनना एवढंच विचारावं की सीआयडीपी, मायस्थेनिया किंवा एनएमओचा पेशंट न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी आणि स्वतःची औषधं घेऊन उद्या सकाळी आला तर तुम्ही ड्रिप लावाल का, नसाल लावणार तर नेमकं काय कमी आहे, आणि जी उत्तरं येतील ती जिल्ह्याच्या नावासकट छापावीत. जिथं हो असेल तिथं जायला आमच्या ग्रुपातले लोक तयार आहेत, आप्पांचा नंबर पहिला लावते.

कळावे,
आपली एक नियमित वाचक,
मराठवाडा